ढाका हिमनदीवर पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांना

लष्कराच्या डोग्रा स्काउट्समधल्या जवानांनो आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या बचावकर्त्यांनो,

सप्रेम नमस्कार.

नाशिकहून लिहिते आहे. हिमाचलातल्या ढाका हिमनदीवर वायुसेनेच्या ज्या कोसळलेल्या विमानातली माणसं तुम्ही शोधता, त्यातल्या कोणाशीही आमचं नातं नाही. माझे वडील, तात्या, १९६८ साली चंदीगडच्या विमानतळावर वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, एवढाच काय तो संबंध. पुढे ते ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात लागले आणि आम्ही भावंडं तिथल्या वसाहतीत वाढलो. विमानांचे नंबर आमच्या कानावरून रोज जायचे, राहायचा कुठलाच नाही. त्या विमानाचा, बीएल-५३४, मात्र पाढ्यासारखा पाठ आहे.

७ फेब्रुवारी १९६८ ला ते एएन-१२ जातीचं मालवाहू विमान चंदीगडहून लेहला निघालं. पुढे हवा बिघडली म्हणून वैमानिकाने ते मागे वळवलं आणि रोहतांग खिंडीच्या आसपास संपर्क तुटला तो तुटलाच. आत १०२ माणसं होती. या विमानाच्या मालाच्या भागात हवेचा दाब राखायची सोय नसे. जाडजूड कोट घालून, सामान पायाशी घेऊन जवान तिथे बसत. हे सांगताना तात्या पार दाराच्या कड्यांपर्यंत जातात. माणसांबद्दल विचारलं की मात्र विषय बदलून प्रोपेलरवर येतात.

२००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या लोकांना अवशेष दिसले आणि शिपाई बेली राम यांचा देह मिळाला. त्यानंतर तुमच्यातले डोग्रा स्काउट्स २००५, २००६, २०१३, २०१९ मध्ये तिथे जात राहिले. २०१९ पर्यंत सापडले फक्त पाच देह. त्या वर्षीच्या मोहिमेत मिळालेल्या सुट्या भागांची यादी मी तात्यांना वाचून दाखवली होती: इंजिन, प्रोपेलर, इंधनटाकीचा भाग, एअर ब्रेक, कॉकपिटचं दार. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली. पाच हजार मीटरच्या वर, बर्फाच्या भेगांमधून, वितळणीचे जे थोडे आठवडे मिळतात तेवढ्यात ही लोखंडं शोधून खाली कशी आणली असतील, यावर आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालली. भाऊ म्हणाला, दोरानेच. तात्या म्हणाले, खांद्यावर.

मग २०२४ च्या सप्टेंबरअखेर चार देह सापडले. सहारनपूरचे मलखान सिंह, चमोलीचे नारायण सिंह, केरळातल्या इलंथूरचे थॉमस चेरियन यांची नावं कागदपत्रांवरून लगेच कळली. छप्पन्न वर्षं बर्फाखाली राहिलेला कागद वाचता यावा असा तुम्ही हाताळलात, याचे आभार मी वेगळे मानते. घाईत कोणीही तो फाडला असता. चेरियन गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. आईवडील त्यांची वाट बघून गेले, पण भावंडं होती, आणि गावातल्या चर्चमध्ये लष्करी इतमामाने दफन झालं.

बातम्यांमध्ये कोणी याला चमत्कार म्हटलं, तेव्हा तात्या चिडले. "चमत्कार कसला? ड्यूटी लावून गेलेत पोरं." मलाही तेच पटतं. एका हंगामात काही हाती लागलं नाही तर पुढच्या हंगामात परत जायचं, आधीच्या तुकडीने कुठवर पाहिलं ते ध्यानात ठेवायचं आणि नव्या पोरांना वाट दाखवायची, यात चमत्काराला जागा कुठे आहे? फाइल बंद करून टाकली असती तरी तुम्हाला कोणी जाब विचारला नसता. ती उघडी ठेवलीत, म्हणून हे पत्र.

तुमच्यापैकी कोणाची बदली देवळालीला झाली, तर आमच्याकडे जेवायला यायचंच. तात्यांचं दुपारचं झोपणं चारपर्यंत असतं, त्यानंतर या. त्यांना तुम्हाला एक विचारायचं आहे आणि ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते: "तो प्रोपेलर सापडला तेव्हा पात्यांचा कोन कसा होता, कोणी बघितलं का? बघितलं नसेल तर पुढच्या वेळी बघा. त्यावरून इंजिन चालू होतं का बंद, ते कळतं."

आपली,
एका फिटरची मुलगी, नाशिक