सरांची छाती, आणि तुला एकच प्रश्न

नाशिक

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील, ते बरोबरच आहे. आम्ही सगळे बरे. आज लिहितोय ते सरांसाठी.

अँजिओग्राफी झाली. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य नळी, सुरुवातीलाच ९० टक्के बंद, उजव्या नळीत मध्ये एक आखूड अडथळा. सरांनी कुठून तरी ऐकलं की हाड न कापता छोट्या छेदातून बायपास होतो, आणि आता तेच धरून बसलेत. त्यांचं प्रमेय एकदा फळ्यावर लिहून झालं की कोण पुसणार!

खरं सांगू, मलाही ते पटतंय. मधुमेह आहे. छातीचं मधलं हाड कापलं की जुळून यायला दोन-तीन महिने जातात, साखर चढलेली असली तर तिथे जंतुसंसर्गाची भीती. छोट्या छेदात ते टळतं. लिमा, म्हणजे छातीच्या भिंतीतली डावी धमनी, एलएडीला जोडायची आणि उजव्या नळीत नंतर स्टेंट, असं सरांच्या बाबतीत छान बसतं. हे खूळही नवं नव्हे. कोलेसोव्हनं १९६४ साली लेनिनग्राडमध्ये डाव्या बरगड्यांमधून, हार्ट-लंग मशीनशिवाय लिमा हृदयाच्या नळीला जोडली होती.

पण वाट अरुंद आहे रे. डाव्या बाजूला बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीतून ५ ते ८ सेंटीमीटरचा छेद. श्वासनलिकेत दुहेरी नळी घालून डावं फुप्फुस मिटवायचं, श्वास एकट्या उजव्यावर. लिमा छातीच्या भिंतीवरून सोडवायची, हृदय धडधडत असताना स्टॅबिलायझर नावाच्या पकडीनं तेवढीच जागा स्थिर धरायची, आणि दीड-दोन मिलिमीटरच्या नळीला ७-० किंवा ८-० प्रोलीनच्या अगदी बारीक धाग्यानं टाके. चरबीत एलएडी बुडालेली असली तर शेजारची डायगोनल, म्हणजे तिचीच फांदी, तीच वाटून भलतीकडे जोड बसू शकतो. लिमा आखूड पडली तर ताण, लांब राहिली तर मुडपते. म्हणून जोडल्यावर प्रवाह मोजल्याशिवाय छाती बंद करायची नाही. रक्तस्राव आवरेना तर हाड कापावंच लागतं, त्याची संमती आधीच घेतात. बरगड्या ताणल्यानं पहिले काही दिवस दुखतंही बरंच. 'छोटा छेद म्हणजे दुखणार नाही' हा सरांचा समज मी मोडून काढलाय.

आता खरी काळजी. सरांच्या छातीत पाणी झालं होतं, आठवतं? मी म्हणतो नववीत, तू म्हणतोस आठवीत. रामकुंडावर यावरून आपण केवढं भांडलो होतो! तेव्हा टीबी म्हणाले होते. डॉक्टरांपुढे सर म्हणतात, "मला काही झालं नव्हतं." त्यांना वाटतं, सांगितलं तर छोटा छेद रद्द होईल. होऊही शकतो. डाव्या बाजूचं असेल तर फुप्फुस भिंतीला चिकटलेलं असणार. ते मिटत नाही, सोडवताना फाटतं. उजवीकडचं असेल तर त्या एकट्या फुप्फुसावर दोन-तीन तास निघतील का? त्यात इतकी वर्षं विडी. छातीचा सीटी आणि श्वासाची तपासणी मी मागितलीच आहे, पण सर "कशाला?" म्हणून टाळताहेत, आणि मला ठामपणे बोलता यायला हवं.

तेव्हा पंचवटीहून सायकलवर सरांचा डबा तू न्यायचास. पाणी काढायला सुई कुठल्या बाजूला घातली होती? त्या जागेवरची पट्टी डोळ्यांपुढे आण.

आणि त्यांना फोन कर. तुझं ऐकतात.

लेकीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार. घराचं प्लास्टर झालं का?

बाजू आज रात्रीच कळव. मंगळवारी सर्जन भेटणार आहेत.

तुझाच,
बाळ्या