मोबाइल काढून घ्याल, तर मुलं सांगणार कशी?

मा. संपादक,
स. न.

इंटरनेटवरच्या निनावी गप्पांच्या ठिकाणांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकांची कळकळ समजते, पण ‘मुलांच्या हातातून मोबाइल काढून घ्या’ हा त्यांचा सल्ला वाचून गप्प बसवेना.

माझी भाची १४ वर्षांची. अशाच एका ठिकाणी ती टोपणनावाने जायची. पाळी लांबली तर काय करायचं, हे घरी विचारायला तिला लाज वाटे. तिथे उत्तर मिळालं आणि उत्तर देणारी एक ‘ताई’ही मिळाली. ताईने दोन महिने तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी आईबाबांच्या भांडणांसकट. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’ झालं, मग फोटो मागितला. फोटो गेला आणि ताईचा पुरुष झाला. ‘आणखी पाठव, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो’ ही धमकी होतीच. पण पोरीचं तोंड बंद केलं ते दुसऱ्या वाक्याने : ‘घरी सांगून बघ, मोबाइल राहतो का तुझ्याकडे.’

सोळा दिवस ती ताट पुढे सारत होती. आम्हाला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. शेवटी ती माझ्याकडे आली, कारण मावशी मोबाइल काढून घेऊ शकत नाही. हे तिनेच मला सांगितलं. त्या माणसाच्या हातात हे हत्यार आपणच दिलं होतं.

बहिणीने घाबरून आधी सगळे मेसेज पुसले. पुरावा गेला. ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘मुलीला मोबाइल दिलाच कशाला?’ तोही वर्दीतल्या माणसाने, चारचौघांत. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २४व्या कलमानुसार मुलाचा जबाब घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि वर्दी न घालता. कायदा २०१२चा आहे. आम्हाला मात्र ‘जिल्ह्याला सायबरकडे जा’ म्हणून परत पाठवलं.

लेखात सल्ल्यांऐवजी चार ओळी उपयोगाच्या हव्या होत्या. काही पुसू नका, टोपणनाव आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा. १९३० (सायबर गुन्हे) किंवा १०९८ (मुलांसाठीची मदत) या हेल्पलाइनला फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो कुठे पाठवावा लागत नाही. त्याचा डिजिटल ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून हटवतात. हे आम्हाला सोळाव्या दिवसानंतर शोधावं लागलं.

आणखी एक. गेल्या आठवड्यात अशाच प्रकरणाची बातमी आपण छापलीत. नाव गाळलं, पण इयत्ता, गाव आणि वडिलांचं दुकान कुठे आहे ते दिलं. अर्ध्या तालुक्याला घर कळलं असेल. पॉक्सोचं २३वं कलम कुटुंब, शाळा, शेजार यांचा तपशील छापायलाही मनाई करतं. आपल्या कार्यालयात बातमी शेवटची वाचतं कोण? त्या मुलीला उद्या शाळेत जायचं आहे.

माझं नाव-गाव कृपया छापू नये. हे पत्र भाचीला वाचून दाखवलं आहे. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली आहेत.

— एक मावशी