जाहिरात कोणी दिली होती, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या लेस्टर शहरावरचा लेख काल वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसले आहे. लेखकाने कष्ट घेतले आहेत हे आधीच मान्य करते. आम्हा भारतीयांच्या वस्तीतल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीचं वर्णन चांगलं आहे. तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा कौन्सिलच्या, म्हणजे नगर परिषदेच्या, मोटारी उभ्या करायच्या जागेखाली सापडला ते २०१२ सालही बरोबर आहे. पण ‘१९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीयांचे लेस्टरच्या नगर परिषदेने दोन्ही हात पसरून स्वागत केले’ हे वाक्य तुम्ही छापलंत कसं?

स्वागत? लेस्टरच्या कौन्सिलने १५ सप्टेंबर १९७२ रोजी ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात पैसे मोजून जाहिरात दिली होती. हजारो कुटुंबं आमच्याकडे घरासाठी रांगेत आहेत, शेकडो मुलांना शाळेत जागा नाही, बाकीच्या सोयींवरही ताण आहे. तेव्हा स्वतःच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी ब्रिटिश सरकारच्या पुनर्वसन मंडळाचा सल्ला ऐका आणि लेस्टरला येऊ नका, असा तिचा मजकूर. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिलेली, माणसं सोनंनाणं, दुकानं, घरं मागे टाकून निघालेली, आणि त्यांच्या हातात पडलं ते हे. त्या वेळी त्या कौन्सिलमध्ये सत्ता कोणाची होती? तुमचे लेखक ज्याला ‘स्थलांतरितांचा पाठीराखा’ म्हणतात त्या मजूर पक्षाचीच. एवढ्या मोठ्या लेखात ही गोष्ट दोन ओळींतही येऊ नये?

मी मूळची गिरगावची. लग्न होऊन १९७४ च्या शेवटी लेस्टरला आले. यजमान इंजिनीअरिंगच्या कारखान्यात होते. बेलग्रेव्हमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई कंपालाहून आलेल्या. नाव लिहीत नाही, त्या आता नाहीत आणि त्यांच्या मुलांना ते आवडणार नाही. मी त्यांना बा म्हणत असे. गिरगावात वाढल्यामुळे मला गुजराती येत होतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच आमची गट्टी जमली. मोहरी, कढीपत्ता, कुठला दुकानदार तूरडाळ आणतो, सगळं त्यांनीच सांगितलं. त्यांच्याकडे एक स्टीलचा डबा होता. त्यात पासपोर्ट, लग्नातला एक फोटो आणि घडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण. एकदा मला त्यांनी ते उलगडून दाखवलं. तीच जाहिरात. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीच्या जागी अक्षरं पुसलेली. म्हणाल्या, ‘बघ, हे वाचेपर्यंत लेस्टर नावाचं गाव आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. इतक्या आग्रहाने येऊ नका म्हणतात, म्हणजे तिथे आपली माणसं असणार, असं तुझे काका म्हणाले.’ आणि खरंच ते सगळे लेस्टरला आले. ब्रिटनमध्ये त्या वेळी सुमारे २८,००० लोक उतरले, त्यातले हजारो लेस्टरला.

घर शोधतानाचा माझाही अनुभव सांगते. एका घरमालकाने फोनवर खोली आहे म्हणून सांगितलं, पत्ता दिला, वेळ दिली. आम्ही दोघं दारात उभे राहिलो, त्याने माझ्या साडीकडे पाहिलं आणि खोली आत्ताच गेली म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीची पाटी दुकानाच्या काचेत होती. थंडीचे दिवस होते, मला ताप होता. ती पाटी मी आजही विसरलेले नाही. म्हणून कोणी ‘दोन्ही हात पसरून’ लिहिलं की मला सहन होत नाही.

आता ‘मजूर पक्षाचा कायमचा अभेद्य गड’ या उपमथळ्याबद्दल. १९७६ ते १९७९ तिथे हुजूर पक्ष सत्तेवर होता. २००३ ते २००७ कोणालाच बहुमत नव्हतं. मग कायमचा कसा?

त्या १९७६ च्या निवडणुकीची मी साक्षीदार आहे. तुमच्या लेखकाने लिहिलंय की ‘नागरिकत्व मिळाल्यावर भारतीयांना मताधिकार मिळाला’. साफ चूक. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे रीतसर राहत असेल तर त्याला मत देता येतं, तेव्हाही येत होतं, आजही येतं. १९७६ च्या मे महिन्यात माझ्याकडे भारताचाच पासपोर्ट होता आणि मी मत दिलं. भारतात असताना मी एकदाही मत दिलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं मत मी लेस्टरच्या नगरसेवकासाठी दिलं.

त्या आधीच्या आठवड्यात दाराच्या फटीतून एक पत्रक आत पडलं होतं. कोणाचं ते लिहीत नाही. आम्हाला परत पाठवायला हवं असं त्यात होतं. यजमान रात्रपाळीला गेलेले, घरात मी एकटी, आणि थोरला पोटात. मी ते पत्रक चुलीत घालायचं म्हणून उचललं, मग लक्षात आलं इथे चूल नाही, गॅस आहे. फाडून फेकलं. सकाळी बांना सांगितलं तर त्या काहीच बोलल्या नाहीत. मतदानाच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी दार वाजवलं. ठेवणीतली साडी नेसलेल्या, वरून कोट. ‘चालो’ म्हणाल्या. प्राथमिक शाळेत केंद्र होतं. आपल्याकडे तेव्हा असायचा तसा शिक्का नाही, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि चौकटीत फुली. माझा हात इतका थरथरत होता की फुलीची एक रेघ चौकटीबाहेर गेली आणि मत बाद होईल की काय म्हणून मी दिवसभर काळजीत होते.

त्या निवडणुकीत नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाला शहरात १८.५ टक्के मतं पडली. जागा एकही मिळाली नाही, पण बसस्टॉपवर उभं राहिलं की प्रत्येक पाच-सहा माणसांतल्या एकाने आपल्याविरुद्ध मत दिलंय, हे मनात यायचंच. हा आकडा तुमच्या लेखात नाही. लेस्टरचं कौन्सिल पुढे बदललं ते याच भीतीतून आमच्या लोकांनी मतदार यादीत नावं घातली, सभांना गेले, उमेदवार झाले, म्हणून. बांचा धाकटा मुलगा संध्याकाळी घरोघरी नोंदणीचे कागद घेऊन फिरायचा, आणि इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्यांचे कागद मी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरून द्यायचे. १९७९ मध्ये मजूर पक्ष परत आला तो या मतांच्याही जोरावर. कौन्सिलला एका सकाळी शहाणपण सुचलं आणि त्यांनी १९८३ पासून बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लावले, असं घडलेलं नाही. १९८७ मध्ये गोरधन परमार लॉर्ड मेयर, म्हणजे मानाचे महापौर, झाले, पहिले आशियाई. त्याच वर्षी मूळ गोव्याच्या घराण्यातले कीथ वाझ लेस्टर ईस्टमधून खासदार झाले. बा त्या दिवसांत मला घेऊन टाऊन हॉलसमोरच्या पंखवाल्या सिंहांच्या कारंज्याशी जाऊन बसल्या होत्या. १८७६ मध्ये उघडलेल्या त्या लाल विटांच्या इमारतीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. पर्समध्ये ते कात्रण होतं. काढलं मात्र नाही.

आणखी एक. जाहिरातीत शाळांची सबब सांगणाऱ्या त्या कौन्सिलच्या हातून १९७४ च्या स्थानिक कारभाराच्या फेररचनेत शाळाच गेल्या, त्या काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलकडे. १ एप्रिल १९९७ ला शहर पुन्हा स्वतंत्र झालं तेव्हा परत आल्या. माझ्या दोन्ही मुलांचं शिक्षण त्या मधल्या काळात झालं, म्हणून हे मला पाठ आहे. तुमच्या लेखात मात्र १९८० च्या दशकातल्या शाळांचं सगळं श्रेय शहराच्या कौन्सिलला देऊन टाकलंय.

छायाचित्राबद्दल न लिहिता राहवत नाही. गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या गृहस्थांच्या फोटोखाली ‘महापौर पीटर सोल्सबी’ असं छापलंत. साखळी लॉर्ड मेयरच्या गळ्यात असते. ते पद वर्षभराचं, मानाचं, नगरसेवकांनी निवडायचं; २००८ मध्ये मंजुला सूद त्या पदावर आल्या तेव्हा ब्रिटनमधल्या पहिल्या आशियाई महिला लॉर्ड मेयर ठरल्या. सोल्सबी सिटी मेयर. ते २०११ पासून थेट लोकांच्या मतांवर निवडून येतात आणि कारभाराचे अधिकार त्यांच्याकडे. आपल्या वाचकांना समजेल असं सांगायचं तर आपल्याकडे साखळी महापौराकडे आणि खरी सही आयुक्ताची. तिथे आयुक्ताची ती सही निवडून आलेल्या माणसाच्या हातात दिली आहे. शिवाय हे पद आणायचं की नाही यावर लोकांचं मत घेतलं गेलं नाही, कौन्सिलने स्वतःच ठराव केला. इतका मोठा फरक एका फोटोओळीत पुसून टाकलात.

२०२३ च्या कौन्सिल निवडणुकीच्या निकालाविषयी लेखात फक्त ‘धार्मिक तेढ’ एवढंच कारण दिलंय. २०२२ च्या सप्टेंबरात इथे हिंदू-मुस्लिम तरुणांमध्ये जे झालं त्याने आम्हा सगळ्यांची मान खाली गेली, आणि त्याचा परिणाम झाला नाही असं मी म्हणत नाही. पण २०१९ मध्ये ५४ पैकी ५३ जागा असलेल्या मजूर पक्षाने निवडणुकीच्या तोंडावर आपल्याच १९ नगरसेवकांना उमेदवारी नाकारली, हे का नाही लिहिलं? वर्षानुवर्षं गल्लीत ओळखीचे असलेले चेहरे एका फटक्यात गेले. मग मजूर पक्ष ३१ वर आला, २०१९ मध्ये एकही जागा न मिळालेला हुजूर पक्ष १७ वर गेला, लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन प्रत्येकी ३. पुढच्याच वर्षी संसदेच्या निवडणुकीत देशभर मजूर पक्षाची लाट असताना लेस्टर ईस्ट हुजूर पक्षाने जिंकलं आणि लेस्टर साउथमध्ये मजूर पक्षाचा मोठा नेता एका अपक्षाकडून हरला. माझ्या गल्लीतली माणसं गृहीत धरलेली चालवून घेत नाहीत. ती फुली मारायला पहिल्यांदा कशी शिकली, ते वर लिहिलंच आहे.

शेवटी गावाच्या नावाबद्दल. तुमच्या लेखात ते सात ठिकाणी ‘लायसेस्टर’ आणि दोन ठिकाणी ‘लिसेस्टर’ असं आहे. ते लेस्टर आहे. क्रिकेटच्या पानावर तुम्ही बरोबर छापता, मग पुरवणीत का नाही? मी पूर्वीही एकदा कळवलं होतं.

पत्र लांबलं आहे, जागेअभावी कापावं लागेल हे समजते. कापायचंच असेल तर नावाचा आणि फोटोचा भाग काढा. जाहिरातीचा आणि बांच्या डब्याचा भाग तसाच ठेवा, ही विनंती.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
बेलग्रेव्ह, लेस्टर (मूळची गिरगाव, मुंबई)