कुणीच मोठं नसलेल्या घराचे नियम

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही सहा जणी ‘इथे कुणी कुणाची वरिष्ठ नाही’ या बोलीवर राहणार, हे मला मनापासून आवडलं. हाच अराजकतावाद. तो शब्द काढला की लोकांना जाळपोळ आठवते. पण १८४० मध्ये प्रूदाँ या फ्रेंच विचारवंताने स्वतःला अराजकतावादी म्हणवलं तेव्हा त्याचं भांडण कुणी कुणाचा धनी असण्याशी होतं, व्यवस्थेशी नव्हतं. ज्यांनी नियम पाळायचे त्यांनीच ते करायचे, आणि ज्याला पटत नाही त्याला निघून जाता आलं पाहिजे.

हे निघून जाणं पैशात अडकतं, म्हणून आधी तेच लिहून काढा. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर सहाही नावं घाला. एकटीचंच नाव असलं तर मालक तिच्याशीच बोलतो आणि ती न बोलता घरमालकीण होऊन बसते. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, ते वहीत सह्यांनिशी नोंदवा. सोडणारीने महिनाभर आधी सांगायचं, नवी येणारी तिचा वाटा तिला देईल. नवी मिळालीच नाही तर काय, हेही आजच ठरवा. तेव्हा ठरवायला बसलात तर भांडणच होईल. करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे.

निर्णयांसाठी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाकडे बघ. तिथली ग्रामसभा बहुमतावर जात नाही, सर्वसहमती होईपर्यंत थांबते. विषय सभेपुढे येण्याआधी अभ्यासगटात नीट घोळवलेला असतो, आणि अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नसतो. तुम्हीही प्रस्ताव एक दिवस आधी लिहून ग्रुपवर टाका. उत्तरं तीन: मान्य, पटत नाही पण अडवत नाही, अडवते. अडवणारीने कारण आणि पर्याय दोन्ही द्यायचे.

ही पद्धत बिघडते ती थकव्याने. रात्री बारापर्यंत बैठक चालली की जिला सकाळी लवकर कामाला जायचंय ती कंटाळून हो म्हणते, आणि जिच्याकडे वेळ जास्त तिचंच चालतं. तासाभरात उठा, राहिलेला विषय पुढच्या वेळी घ्या. केर, दूध, गॅस यांसाठी बैठकच नको, पाळ्या लावा. हिशेबाची वही आणि मालकाशी बोलण्याचं काम मात्र दर दोन महिन्यांनी हात बदलू दे. माहिती एकीकडेच साचली की सत्ताही तिच्याकडेच जाते, ती कितीही चांगली असली तरी.

सोसायटीने ‘मुलींनी दहाच्या आत’ असं काही सांगितलं, तर कोणत्या उपविधीत किंवा सर्वसाधारण सभेच्या कोणत्या ठरावात ते आहे, हे सचिवांना लेखी विचारा. गेटवरच्या वॉचमनशी वाद घालू नका. नियम त्याने केलेला नाही, आणि तुम्हाला सोडलं म्हणून नोकरी जाईल ती त्याची.

कराराचा मसुदा सही करण्याआधी पाठव, मी वाचते.

तुझी,
आई