जिन्यावरची बादली

श्टुटगार्ट
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल फोनवर बोलता बोलता आई एकदम गप्प झाली आणि 'तिचं डोकं दुखतंय' म्हणून बाबांनी फोन ठेवला. रात्री बाबांचा चार शब्दांचा मेसेज आला, 'पैसे पाठवू का गं?' तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माझ्या मागे बादली आणि मॉप दिसला ना?

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

आई, मी कुणाकडे धुण्याभांड्याला लागलेली नाही. तो जिना आमच्याच इमारतीचा आहे आणि या आठवड्यात तो पुसायची पाळी आमच्या घराची होती. याला इथे 'केअरवोखे' म्हणतात, म्हणजे झाडायचा आठवडा. सगळ्या जर्मनीत नाही, पण या श्वाबी लोकांच्या मुलखात ते फार. ज्यांची पाळी असेल त्यांच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवतात. तुमचं झालं की पाटी शेजारच्या दाराला. आपल्या मजल्यावरचा जिना ही छोटी पाळी. मोठी पाळी आली की खालचं दार, तळघराचा जिना आणि इमारतीसमोरचा फूटपाथसुद्धा. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत तो बाजूला करायचा. १४९२ पासून, म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला त्या वर्षापासून, या गावात घरापुढची घाण ज्याची त्यानं काढायचा नियम आहे. आता पालिका सक्ती करत नाही, पण भाड्याच्या करारात ते असतंच. माझ्या करारात पान सहावर आहे. खोली मिळाल्याच्या आनंदात मी पान सहा वाचलंच नव्हतं.

त्यामुळे ऑक्टोबरात काय झालं ऐका. सकाळी दाराला पाटी दिसली. मला वाटलं, शेजारच्यांची चुकून आमच्याकडे आली. मी ती उचलून त्यांच्या दाराला लावली. संध्याकाळी परत आमच्या दाराला! मी परत तिकडे. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, वय ऐंशीच्या पुढे, हातात पाटी. माझं जर्मन तेव्हा दूध-ब्रेड विकत घेण्यापुरतंच होतं, पण कोणत्याही भाषेत त्या चेहऱ्याचा अर्थ एकच होतो. बाबा, तुमचं स्कूटरचं किल्ली प्रकरण झालं होतं तेव्हा तुमचा झाला होता तोच.

मग त्यांनी मला शिकवलं. वरच्या पायरीपासून सुरुवात, आधी कोरडं झाडणं, कोपरे ब्रशनं, मग ओलं, आणि कठडा विसरायचा नाही. रविवारी अजिबात नाही, आवाज होतो. मी पुसत असताना त्या खाली दाराशी उभ्या राहून बघत होत्या. झाल्यावर एक बोट कठड्यावरून फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. मी खोलीत येऊन रडले, हे आज सांगते. नंतर माझ्या रूममेटनं सांगितलं की श्वाबी लोकांत म्हणच आहे, 'बोलणी बसली नाहीत म्हणजे कौतुक पुरेसं झालं.' बाबा, तुम्ही मूळचे इथलेच असणार. दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही पेपर घडी घालून ठेवलात आणि 'गणितात दोन गेले' एवढंच म्हणालात.

पैशाचं म्हणाल तर लागत नाहीत. व्हिसासाठी तुम्ही एफडी मोडून जे ११,९०४ युरो बँकेत अडकवले, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. खोलीला ४८०, विमा वेगळा. उरलेल्यात भागतं, कारण इथे मी चहासुद्धा बाहेर पीत नाही. फीचे सेमिस्टरला १५०० तेवढे टोचतात. जर्मनीत इतर बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला अशी फी नाही, या राज्यानं मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना लावली आहे. आपलं नशीब.

गाव तुम्हाला आवडेल. साताऱ्यासारखंच डोंगराच्या कुशीत, खोलगट वाटीत. सगळीकडून चढ, आणि चढावर दगडी जिने, चारशेहून जास्त. पूर्वी या उतारांवर द्राक्षमळे होते, त्यांच्या पायवाटांचे हे जिने झाले. काही मळे अजून शहराच्या मधोमध आहेत. बाबा, अजिंक्यतारा रोज चढायचात त्या गुडघ्यांनी यायला हवं होतं. विद्यापीठ वरच्या अंगाला आहे. लोकल बोगद्यात शिरते आणि थेट वरच निघते, तेव्हा खाली धुकं आणि वर ऊन असं कधी कधी दिसतं. डिसेंबरात मात्र साडेचारलाच अंधार. त्या महिन्यात मी 'सगळं मस्त' म्हणत होते ते फारसं खरं नव्हतं.

आणि आई, ही थंडी असताना दिवसातून तीनदा खिडक्या सताड उघडायच्या! नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि घरमालक पैसे कापतो. तू असतीस तर मला आणि घरमालकाला, दोघांनाही झापलं असतंस.

आजींचं राहिलं. नोव्हेंबरात त्यांनी वाडगाभर उसळ आणून दिली. मी मांस खात नाही हे त्यांना कसंबसं सांगितलं होतं, म्हणून वरचे सॉसेज काढून. अख्ख्या मसुरासारखी, सोबत पिठाचे आखूड शेवयांसारखे तुकडे, आणि वरून व्हिनेगर. पहिला घास घेतला आणि तुझी आमसुलाची आमटी आठवली. हे त्यांचं अगदी घरचं जेवण, आपल्या पिठलं-भातासारखं. परवा संक्रांतीला मी त्यांना तिळाचे लाडू दिले. 'गोड बोला' याचं जर्मन केलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, बघू.

म्हणून तू जे काल पाहिलंस ते वाईट वाटून घेण्यासारखं नाही. 'इंजिनिअर करून परदेशी पाठवली ती जिने पुसायला का' असंच तुझ्या मनात आलं असणार. माझ्याही आलं होतं, पहिल्या शनिवारी. मी इथे पाण्याचं नियोजन शिकायला आलेय आणि एक बादली न सांडता अर्धा जिना उतरता येत नव्हता. अजून कंबर दुखते, आणि माझा तर एकच मजला, पाणीही स्वतःच्या बाथरूममधलं.

आपल्या बिल्डिंगचे चार मजले मावशी रोज पुसतात. मी इतकी वर्षं त्यांच्या ओल्या पायऱ्यांवरून चपला घालून कॉलेजला पळाले. त्या पाणी कुठून घेतात गं? वर कुठे नळ आहे का, की तळमजल्यावरूनच नेतात? विचारून सांग.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, मोतीबिंदूची तारीख पुढे ढकललीत हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. पुढची तारीख घेतलीत की डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवा, तोंडी चालणार नाही.