कोकणकड्यावरच्या टेंटचा आकडा ठरवा, साहेब

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, मी गेली १८ वर्षं हरिश्चंद्रगडावर जातोय, कधी खिरेश्वरहून टोलार खिंडीने, कधी पाचनईवरून. आधी आम्ही देवळाजवळच्या गुहेत पथारी टाकून झोपायचो. मागच्या डिसेंबरात शनिवारी रात्री कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या सरळ तुटलेल्या कड्यावर पोचलो तर टेंट इतके दाटीवाटीने ठोकलेले की दोऱ्यांत पाय अडकल्याशिवाय पुढं सरकता येईना, दोन-तीन शेकोट्या पेटलेल्या, एका ग्रुपचा स्पीकर दीड वाजेपर्यंत चालू आणि काही टेंट तर कड्याच्या इतके जवळ की झोपेत उठून कुणी चार पावलं चुकीची टाकली तर खाली थेट कोकण. सकाळी टाक्यावर पाणी भरायला गेलो तर काठावर मॅगीची पाकिटं, वेट वाइप्स आणि झुडपांमागे जे होतं ते लिहवत नाही. एवढी माणसं रात्रभर राहणार आणि संडासाची सोय नाही, मग दुसरं काय होणार? आम्हाला पिठलं-भाकरी देणाऱ्या मावशी तिथंच हंडा घेऊन उभ्या होत्या, म्हणाल्या, "आम्ही हेच पाणी पितो रं पोरांनो."

आता कुणीतरी म्हणेल सरळ बंदी घाला. ते करू नका, हात जोडून सांगतो. बंदी आली की पहिली चूल मावशींची विझणार, पाचनईतली पोरं टेंट भाड्याने देतात, वाटाड्या म्हणून येतात, त्यांचे वीकेंडचे पैसे जाणार, आणि गर्दी जमवणारे बुकिंगवाले पुढच्या शनिवारी दुसरा डोंगर धरणार.

नवीन कायदाही लागत नाही. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आत शिरायची परवानगी अटी घालून देता येते, जंगलाला धोका होईल असा जाळ करायला तर मनाईच आहे. मग एका रात्रीत किती टेंट लावू द्यायचे हा आकडा का ठरू नये? जागा आखून द्या, कड्यापासून आणि पाण्यापासून लांब. नोंदणी पायथ्याच्या गावांनी करावी आणि फीचा हिस्सा त्यांच्याच समितीकडे जावा, म्हणजे राखणही तेच करतील. वर जाताना प्लास्टिकच्या बाटल्या मोजा, डिपॉझिट घ्या, खाली आणल्या की परत द्या. स्पीकर पायथ्यालाच ठेवून घ्या. आणि संडास, साहेब, तो आधी.

याच अभयारण्यात भंडारदऱ्याकडे मे संपता संपता काजवे येतात, हिरड्या-जांभळीची झाडं अक्षरशः पेटल्यासारखी दिसतात. नर लुकलुकतो तो मादीला खूण करायला, आणि आपण त्याच झाडाखाली हेडलाइट चालू ठेवून कँप मांडतो, मग तिला ती खूण दिसणार कशी? त्यामुळे निदान तिथला टेंटचा नियम तरी यंदाचे काजवे यायच्या आत लागू करा.

आपला,
पुण्यातला एक ट्रेकर