शनिवारचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’: येण्याआधी वाचा

सभासदांनो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या सभागृहात हा युक्रेनी माहितीपट दाखवणार आहोत. २०२४ चा ऑस्कर मिळालेला, लांबी सुमारे दीड तास, मध्यंतर नाही.

२०२२ मध्ये रशियन सैन्याने मारियुपोल या युक्रेनी शहराला घातलेल्या वेढ्यातलं हे खरं चित्रण आहे: डॉक्टरांच्या हातात दगावणारी लहान मुलं, ९ मार्चला बॉम्ब पडलेलं प्रसूतिगृह, सामूहिक दफनाचे चर. कठीण दृश्यं लवकरच सुरू होतात, त्यामुळे ‘थोडं बघून ठरवू’ हा हिशेब इथे चालत नाही.

• १८ वर्षांखालील मुलांना आणू नये.

• गरोदर सभासद, नुकतंच मूल किंवा जवळचं माणूस गमावलेले: नाही आलात तरी चालेल. कारण कळवायची गरज नाही.

• डोळे मिटले तरी आईचा हंबरडा कानावर येतच राहतो, आणि तोच जास्त दिवस मनात घर करतो. म्हणून आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवू. मनाची तयारी नसेल त्यांनी रांगेच्या कडेला बसावं. दार उघडं असेल. व्हरांड्यात पाणी आणि एक कार्यकर्ता असेल.

• जीव घाबरला तर पावलं जमिनीवर घट्ट टेकवा, श्वास सावकाश सोडा.

संपल्यावर १५ मिनिटं चहा, मग चर्चा. गप्प बसलेल्याला कृपया बोलतं करू नका.

त्या रात्री मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ टाळा. एक-दोन रात्री झोप उडणं स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनीही दृश्यं पाठ सोडत नसतील तर डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी १४४१६ वर बोला (२४ तास, मराठीतही).